सात परूस खालून आलेला आवाज

या ग्रुपवर मी दोन वर्षं नुसता वाचतो आहे. अमावस्या, पिंपळ, पांढरी साडी, उलटे पाय… वाचतो, आणि रागावू नका, पण मनातल्या मनात हसतो. माझा जन्म बॉयलर आणि प्रेशर गेजच्या संगतीत गेला. गेजचा काटा हलला तर त्याला कारण असतं, आणि कारण सापडत नसेल तर आपण नीट शोधलेलं नसतं, एवढाच माझा धर्म. घरी सत्यनारायण असला की प्रसादाला मी पहिला, पण पोथी चालू असेपर्यंत अंगणात.

तेव्हा मी भूत पाहिलं असं मुळीच म्हणत नाही. मी एक नोंद केली होती, स्वतःच्या हातानं, शुद्धीत, दिवसाढवळ्या. तिचा उलगडा मला आजपर्यंत झालेला नाही. ज्यांच्यामुळे इतकी वर्षं गप्प होतो ते दत्ता सर गेल्या वर्षी वारले. आता लिहायला हरकत नसावी.

गोष्ट ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीची. कुलाबा जिल्ह्याचं रायगड नुकतंच झालं होतं, आणि माझे वडील पत्रावर अजून कुलाबाच लिहायचे. आमचं गाव कशेळ्याच्या आत, डोंगराच्या अंगाला. गावातून डिप्लोमापर्यंत पोचलेला मी पहिला. शेवटच्या वर्षी सहा महिने कारखान्यात ट्रेनिंग करावं लागे, ते मला साजगावजवळ एका कारखान्यात मिळालं. बॉयलर आणि मोठमोठ्या प्रेशर टाक्या बनायच्या तिथे. शेरा चांगला मिळाला तर तिथेच कायम करू, असं फोरमन बोलले होते. मी ते घरी सांगण्याची चूक केली. वडिलांनी चार दिवसांत गावभर सांगून टाकलं, ‘आमचा विलास कायम झाला.’ म्हणजे आता कायम होणं भागच होतं.

पहिल्या दिवशी शेडमध्ये शिरलो तर समोर पाणबुडी.

चेष्टा नाही करत. लढाईची नव्हे — समुद्राचा तळ तपासणाऱ्या एका संशोधन संस्थेनं परदेशातून जुनी विकत आणलेली, दोन माणसं अंग चोरून बसतील एवढीच. जाड लोखंडाचा गोळा, पुढे एक गोल खिडकी, माथ्यावर झाकण, आत सीटच्या मागे खालच्या बाजूला बॅटऱ्या. दाबाखाली टिकणाऱ्या लोखंडाचं काम आमच्याकडे होई, म्हणून दुरुस्तीला घाटाच्या पायथ्याशी आली होती. कामगारांनी तिचं नाव रांजण ठेवलं होतं.

रांजणाबरोबर संस्थेचे इंजिनियर आले होते, ते दत्ता सर. कलकत्त्याचे, पस्तिशीतले, बोलणं सगळं हिंदी. पाठीमागे कामगार त्यांना ‘बाबू’ म्हणायचे. सरांना ते कळलं तेव्हा रागावण्याऐवजी तेच म्हणायला लागले, “बाबू को चाय देगा कोई?” मराठी त्यांना दोनच वाक्यं येत — ‘काय रं’ आणि ‘जेवला काय’. ती त्यांनी नामाकाकांकडून उचलली होती. नामाकाका म्हणजे आमचे क्रेनवाले, खालापूरच्या बाजूचे, साठीला टेकलेले. गमबूट घालून क्रेनवर बसायचे आणि कुणाचं ऐकायचे नाहीत.

मी तेव्हा काडीसारखा होतो, त्यामुळे रांजणाच्या आतली सगळी कामं माझ्याकडे आली. बॅटऱ्यांत डिस्टिल्ड वॉटर भरायचं, टर्मिनलवरचा पांढरा गंज खाण्याच्या सोड्याच्या पाण्यानं धुवायचा, मग व्हॅसलिन लावायचं. श्वासातली खराब हवा शोषून घेणाऱ्या चुन्याच्या डब्या बदलायच्या. तळाशी साठलेला ओलावा स्पंजनं टिपून काढायचा. पाना असो की स्क्रू ड्रायव्हर, दोरीनं मनगटाला बांधल्याशिवाय आत न्यायचा नाही. दोन महिन्यांत मला त्या गोळ्यात डोळे मिटून फिरता येत होतं.

सरांचे नियम कडक होते. त्यातले दोन इथे सांगायला हवेत. पहिला — झाकणाखालची रबरी रिंग, म्हणजे सील, ज्यानं बसवलं तोच पहिल्या बुडीला आत बसणार. स्वतःचा जीव टांगलेला असला की हात आपोआप नीट चालतो, असं सर म्हणायचे. दुसरा — वर फोनवर बसणाऱ्यानं कानात पडलेला शब्द न् शब्द वेळेसकट वहीत लिहायचा, जसाच्या तसा. सुधारायचा नाही, समजला नाही तरी लिहायचा. हा फोन तारेचा नव्हता. पाण्यातून आवाज पाठवणारं यंत्र होतं ते, एक आत आणि एक काठावर, आणि पाण्याबाहेर ते तपासता येत नसे. रांजण बुडाला की आतल्यानं बोलायचं, वरच्यानं उत्तर द्यायचं. बुडाल्यावर पाच मिनिटांत पहिला आवाज आला नाही तर रांजण वर ओढायचा.

पहिल्या बुडीसाठी आम्ही खालापूरच्या अलीकडची बंद पडलेली दगडाची खाण निवडली. पाणी स्वच्छ आणि खोल. दिवाळी होऊन गेली होती, भातं कापून झाली होती. खाणीच्या कडेलाच नामाकाकांच्या भावकीचं खळं होतं आणि त्यांची झोडणी उरकत आली होती. बाया सुपानं भात वाऱ्यावर देत होत्या. सगळ्या हवेत भुसा.

सकाळभर शेवटची तयारी चालली. सरांनी सील स्वतः बसवलं, ग्रीस लावलं, वरून बोट फिरवून तपासलं. मी आत बॅटऱ्यांपाशी. शेवटचं काम फोनचं होतं. त्याच्या तारेचा प्लग साफ करून पॅनेलमध्ये घालायचा, की झालं.

आता माझी चूक सांगतो. कामं झाली की यादीवर खुणा करायच्या असत. पण कामानंतर हात व्हॅसलिननं बरबटलेले, यादी घाण झाली की सर ओरडणार. म्हणून मी आधीच सगळ्या खुणा करून टाकायचो आणि मग कामाला हात घालायचो. दोन महिने तसंच चाललं होतं. त्या दिवशीही यादी पुरी करून मी प्लग पुसायला घेतला आणि वरून नामाकाकांची हाक आली.

“इलास, ये रं बाहेर. खळ्यावरची मानसं थांबल्यात.”

“काका, पाच मिनिटं.”

“पाच नाय न् धा नाय. नव्या भाताचा पयला घास हाय. खळ्याच्या शिवंला आलेला मानूस उपाशी ऱ्हायला तर त्यांना बरं वाटंल व्हय? बाबूला बी घिऊन ये.”

त्या घरची ती रीतच होती, आणि सरांना असल्या गोष्टींचं फार कौतुक. आम्ही सगळेच उठलो. झाकण तसंच उघडं, रिंगेला ओलं ग्रीस, खालून भुसा उडतोय… आणि आत माझा प्लग फडक्यात गुंडाळून लोंबकळतोय. नवा भात, वालाची आमटी, सुकट. सरांनी दोनदा भात मागून घेतला आणि “जेवला काय” म्हणून खळ्यावरच्या बायांना हसवलं.

दोन वाजता सर आत बसले. झाकण लावलं. नामाकाकांनी क्रेननं रांजण उचलून पाण्यात सोडला, आणि वायर सोडत गेले. मी काठावर ताडपत्रीखाली, कानाला हेडफोन, मांडीवर वही.

दोन मिनिटं नुसती घरघर. मग आवाज आला.

“हां… हाय मी.”

मी हसलो. सरांनी नवीन वाक्य शिकलेलं दिसतंय! मी माईकमध्ये म्हटलं, “क्लियर आहे सर,” आणि वहीत लिहिलं. आवाज सरांपेक्षा जाड वाटला, पण पाण्यातून आलेला पहिलाच आवाज ऐकत होतो मी. तो कसा वाटायला हवा हे मला कुठून ठाऊक असणार?

पंधरा मिनिटं काही नाही. मग — “सात परूस झालं.”

परूस म्हणजे उभ्या माणसाएवढी खोली. आमच्याकडे विहीर मोजायला जुनी माणसं हे माप वापरतात. मी लिहून घेतलं आणि ओरडून नामाकाकांना विचारलं, वायर किती गेली? ते म्हणाले साडेबारा मीटर. बरोबर सात परूस. सरांना हे माप कुणी सांगितलं, असं मनात आलं. तेवढ्यात पुढचं आलं. घाई नाही, भीती नाही. शेजारचा माणूस बांधावरून सांगेल तसं.

“मागनं पानी उतरतंय. बाबूला दिसत नाय. वर घ्या बाबूला.”

मी ते लिहिलं. खरंच सांगतो, आधी लिहिलं, मग घाबरलो. डोक्यात फक्त ‘पानी’ हा एक शब्द. मी उठून हात हलवत ओरडलो, “काका, वर घ्या! पाणी येतंय आत!”

नामाकाकांनी एक प्रश्न विचारला नाही. इंजिन गुरगुरलं, वायर ताणली.

रांजण वर आला, खाली ठेवला, झाकण उघडलं. सर बाहेर आले ते तापलेले.

“किसने बोला ऊपर लेने को?”

फोरमन म्हणाले, “आपने ही तो बोला सर. पानी आ रहा है करके.”

“पानी? कहाँ है पानी?” सरांचा शर्ट कोरडा होता. पुढची खिडकी कोरडी. फोरमननं माझ्याकडे असं पाहिलं की माझा शेरा मला तिथेच दिसला. मग फोरमन स्वतः टॉर्च घेऊन आत वाकले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत.

पाणी होतं. झाकणाच्या मागच्या अंगानं, भिंतीला चिकटून, आवाज न करता उतरत होतं. सीटच्या पाठीमागे, सरांच्या नजरेआड, तळाशी साठलं होतं. बॅटऱ्यांच्या टर्मिनलपासून दोन बोटं खाली. आणखी दहा मिनिटं, आणि आतमध्ये ठिणग्या, धूर, आणि बंद गोळ्यात एक माणूस. सीलच्या खाचेत ग्रीसमध्ये एक भाताचं तूस चिकटलं होतं. एवढंसं.

सरांनी ते तूस बोटावर घेऊन पाहिलं. मग माझी वही मागितली. देवनागरी त्यांना अडखळत वाचता यायची. त्यांनी शेवटच्या तीन ओळींवरून बोट फिरवलं, माझ्याकडे पाहिलं, आणि फोरमनना म्हणाले, “हाँ. मैंने ही बोला था. भूल गया.”

भूल गया? आत्ताची गोष्ट?

संध्याकाळी कारखान्यात रांजण आणल्यावर आतलं पाणी टिपायला मीच उतरलो. स्पंज पिळता पिळता वर नजर गेली. पॅनेलखाली फोनचा प्लग लोंबकळत होता, फडक्यात गुंडाळलेला, मी जेवायला जाताना सोडला तसाच.

आतला फोन दिवसभर मेलेला होता. सर त्यातून एक शब्दही बोलू शकत नव्हते. मग वहीत मी काय लिहिलं? आणि सर ‘मीच बोललो’ का म्हणाले? मी प्लग घातला, फडकं खिशात कोंबलं, बाहेर आलो, आणि कुणाला काही बोललो नाही. बोलणार कसा? आवाजाची गोष्ट सांगायची तर प्लगची सांगावी लागणार. यादीवर माझी खूण, प्लग बाहेर… दुसऱ्या दिवशी मी कशेळ्याच्या एसटीत असतो. मला लाज वाटत होती, आणि भीती त्याहून जास्त. माणसाचा जीव जाता जाता वाचला होता आणि मी शेऱ्याचा विचार करत होतो.

पण माझा धर्म तुम्हाला सांगितलाच आहे. मी शोधलं. कुणी म्हणेल काठावरचं बोलणं यंत्रानं पकडलं असेल. दोन दिवसांनी पुन्हा खाणीवर गेलो तेव्हा नामाकाकांना पाण्याच्या कडेला उभं करून ओरडायला लावलं. ते म्हातारे बेंबीच्या देठापासून ओरडले, हेडफोनमध्ये घरघरीशिवाय काही नाही. रेडिओ म्हणावं, तर रेडिओवर कोण बाबूला वर घ्यायला सांगतो? एकदा गळती तपासायला रिकामाच रांजण पाण्यात सोडायचा होता, तेव्हा आतला प्लग आधीच काढून ठेवला आणि ऐकून पाहिलं. घरघर. तास, दीड तास, घरघर.

शेवटी नामाकाकांना वहीतली ओळ वाचून दाखवली, सहज विचारतोय असं दाखवून.

“ही बोली आमच्याकडचीच की रं,” ते म्हणाले. “पर बाबूला परूस कुनी शिकिवला? मी तर नाय.”

“काका, या खाणीत कधी कोणी… गेलंय का? बुडून वगैरे?”

त्यांना रागच आला. “खान चालू व्हती तवा वीस वर्सं काम केलंय मी हितं. मानूस सोड, आमच्या खानीत कोंबडी बी बुडली नाय. कुनी सांगितलं तुला?”

बघा. कुणी मेलेलं असतं तर निदान तुमच्या पद्धतीनं तरी गोष्ट पुरी झाली असती. तीही सोय नाही.

मी कायम झालो. शेऱ्यात सरांनी लिहिलं होतं की हा मुलगा कानानं काम करतो. वडिलांनी तो कागद फ्रेम करून लावला. मला त्या फ्रेमकडे बघवत नसे.

दशक संपत आलं होतं तेव्हा सरांचं पत्र आलं — कुटुंबाला घेऊन माथेरानला येतोय, नेरळला भेट. मी गेलो. बायको-मुलं छोट्या गाडीच्या डब्यात जागा धरून बसली होती, आणि आम्ही दोघं फलाटावर चहा घेत उभे होतो. मी ठरवूनच गेलो होतो. म्हटलं, “सर, त्या दिवशी फोनचा प्लग मी लावलाच नव्हता.”

सरांनी चहाचा घोट घेतला. “मालूम है.”

पुढचं ते हिंदीतच बोलले, मी मराठीत लिहितो. ते म्हणाले, “खाली गेल्यावर फोन लागेना. बघितलं तर प्लग माझ्या समोरच लोंबत होता. मधल्या नळ्यांमुळे हात पुरत नव्हता. म्हटलं, आवाज नाही आला की पाच मिनिटांत ओढतीलच वर. पाच गेली, दहा गेली, तुम्ही ओढेनात. वर नक्की काय चाललंय कळेना. म्हणून तर बाहेर आल्यावर तेवढा चिडलो होतो. मग पाणी पाहिलं, तुझी वही पाहिली.”

“मग मीच बोललो, असं का म्हणालात?”

“नाही म्हटलं असतं तर फोरमननं पॅनेल बघितलं असतं. तुला त्या दिवशीच घरी पाठवलं असतं. मेलेल्या फोनवर ऐकून ज्यानं मला वर काढलं त्याला मी घरी पाठवू?” मग म्हणाले, “आणि मी काही मोठा उदार नव्हतो, विलास. सील माझं होतं. उघड्या झाकणाखाली ओलं ग्रीस ठेवून भात खायला मी गेलो होतो. चौकशी झाली असती तर दोघांची झाली असती.”

इतकी वर्षं मी त्यांच्यापासून लपवत होतो, आणि ते मला झाकत होते. माझे डोळे भरून आले, तिथे फलाटावरच. सरांनी दुसरीकडे पाहिलं आणि कप ठेवून दिला.

गाडीनं शिट्टी दिली तेव्हा ते डब्याच्या दाराशी वळले. “वहीत तीन ओळी होत्या. तेवढंच ऐकलंस? त्यानंतर काही नाही?”

मी म्हटलं, “नाही सर. तेवढंच.”

सरांशी मी बोललेलं ते शेवटचं खोटं. पुढे पत्रं बरीच झाली, पण हे काही लिहवलं नाही. आज इथे लिहितो.

रांजण वर आला होता, सर फोरमनवर ओरडत होते, पाणी अजून कुणी पाहिलं नव्हतं. हेडफोन माझ्या गळ्यात होता. यंत्र बंद करायचं म्हणून मी त्याला हात लावला. आतून बारीक आवाज आला असं वाटलं, म्हणून तो पुन्हा कानाला लावला. तोच माणूस होता. तसाच सावकाश, जराही न रागावता, आमच्या गावात मोठी माणसं लहानाची चूक दाखवतात तसं म्हणाला —

“इलास, आधी काम, मंग खूण. तार तेवढी लाव रं.”

तेव्हा मला त्याचा अर्थ लागला नव्हता. संध्याकाळी प्लग दिसला तेव्हा लागला. यादीवर आधी खुणा करायची माझी ती सवय मी कधीच कुणाला सांगितली नव्हती. नियम शब्द न् शब्द लिहायचा होता. तेवढी एक ओळ मी वहीत लिहिली नाही.

त्यानंतर पस्तीस वर्षं नोकरी केली. काम झाल्याशिवाय खूण केली नाही, एकदाही नाही. तो कोण होता ते मला माहीत नाही.